हप्ते चालू राहिले, गाडी गेली!

एक काळ असा होता की आपल्या वस्तीत ज्याच्या दारात सायकल, तो माणूस बरा समजला जाई. गिरणीत, रेल्वेत किंवा नगरपालिकेत कामाला असलेला माणूस बोनसच्या पैशातून सायकल घेई आणि रात्री ती उचलून घरात ठेवी. आज त्या सायकलीची जागा मोटारसायकलने घेतली आहे. तिला कोणी चैन म्हणत असेल तर त्याने सकाळी सहा वाजता आपल्या वस्तीत येऊन पाहावे. कोणी दूध पोहोचवायला निघालेला असतो, कोणी पार्सलची पिशवी पाठीला लावून निघतो, कोणी गवंडीकामाची थापी-ओळंबा डिक्कीत घालून साइटवर जातो, तर कोणी बायकोला कारखान्याच्या गेटवर सोडून स्वतः स्टेशन गाठतो. मोटारसायकल म्हणजे आपल्या घराची भाकरी झाली आहे.

पण एक फरक राहिलाच. सायकल घरात घेता येत होती, मोटारसायकल दहा बाय बाराच्या खोलीत घेता येत नाही. ती रस्त्यावरच राहते. दवाखान्याबाहेर, स्टेशनबाहेर, आठवडी बाजारात, लग्नाच्या हॉलसमोर ती तासन् तास एकटी उभी असते. आणि तिथेच चोराचे काम सोपे होते.

आमच्या गल्लीतली गोष्ट

आमच्या गल्लीत एक तरुण राहतो. वय सत्तावीस. दहावीनंतर शिक्षण सुटले, पण मुलगा कष्टाळू. पार्सल पोहोचविण्याच्या कामासाठी त्याने कर्ज काढून मोटारसायकल घेतली. छत्तीस हप्ते, दर महिन्याला २,८०० रुपये. एकही हप्ता त्याने कधी चुकवला नाही.

त्याची पत्नी बाळंतपणासाठी दवाखान्यात होती. दुपारी डबा घेऊन तो गेला. आतले पार्किंग भरलेले होते, म्हणून फाटकाबाहेर रस्त्याच्या कडेला गाडी लावली. हँडल लॉक केले, चावी खिशात घातली. वर जाऊन डबा दिला, डॉक्टरांनी लिहून दिलेले औषध आणले आणि पाऊण तासाने खाली आला. गाडी नव्हती.

त्याला वाटले, वाहतूक पोलिसांनी उचलून नेली असेल. एका चौकीवर विचारले, दुसऱ्या चौकीवर विचारले. मग मित्रांबरोबर दोन दिवस गल्लीबोळ धुंडाळले. पोलीस ठाण्यात तो तिसऱ्या दिवशी गेला. चौथ्या दिवशी संध्याकाळी तो आणि त्याची आई माझ्याकडे आली. त्याच्या हातात प्लॅस्टिकची पिशवी होती.

"जयभीम काका. जरा कागद बघा. विमा आहे आपला. पाच वर्षांचा आहे."

त्याची आई म्हणाली, "दादा, पैसे मिळतील ना? पोराचं काम बंद पडलंय."

मी आयुष्यभर कारकुनी केली आहे. कागद वाचणे हाच माझा धंदा. तो कागद मी दोनदा वाचला आणि त्या माउलीकडे पाहायचे मला धाडस होईना. विमा पाच वर्षांचा होता ही गोष्ट खरी. पण तो दुसऱ्याला झालेल्या नुकसानीचा विमा होता. स्वतःच्या गाडीच्या चोरीचा विमा पहिल्या वर्षानंतरच संपला होता. गाडी बावीसाव्या महिन्यात गेली. चौदा हप्ते बाकी होते.

गाडी आजतागायत सापडली नाही. ते चौदा हप्ते, म्हणजे ३९,२०० रुपये, त्याने हमाली करून आणि बायकोच्या कानातले गहाण ठेवून भरले. नसलेल्या गाडीचे हप्ते! या लेखाचा प्रपंच त्यासाठीच. त्याच्यावर जे आले ते वाचकांपैकी कोणावर येऊ नये.

गाडी उभी करताना

चोराला घाई असते आणि त्याला लोकांच्या नजरेची भीती असते. एका ओळीत दहा गाड्या उभ्या असतील तर ज्या गाडीला सर्वात कमी वेळ लागेल ती तो नेतो. आपल्या गाडीला त्याचा जास्त वेळ जावा एवढेच आपल्याला करायचे असते. त्यासाठी लागतात फक्त दोन मिनिटे.

पहिली गोष्ट म्हणजे जागा. पैसे देऊन ठेवण्याची सोय असेल तर दहा-वीस रुपयांचा लोभ धरू नये. पावती घ्यावी आणि ती गाडीत न ठेवता खिशात ठेवावी. तशी सोय नसेल तर उजेडाखाली, दुकानाच्या किंवा पहारेकऱ्याच्या नजरेसमोर, कॅमेऱ्याच्या टप्प्यात गाडी लावावी. चहाच्या टपरीवाल्याला, फुलवाल्या मावशीला "जरा लक्ष ठेवा" एवढे सांगितले तरी फरक पडतो. रोज स्टेशनबाहेर गाडी ठेवणाऱ्यांनी अधूनमधून जागा बदलावी. सकाळच्या लोकलने गेलेला माणूस संध्याकाळशिवाय परत येत नाही, हे चार दिवस पाहणाऱ्या माणसाला सहज कळते. तसेच "नो पार्किंग"मध्ये गाडी लावू नये. दंड तर होतोच, पण गाडी चोरीला गेली की उचलून नेली या घोळात मोलाचा वेळ जातो, जसा आमच्या त्या तरुणाचा गेला.

दुसरी गोष्ट म्हणजे कुलूप. हँडल लॉक जरूर करावे, पण त्यावर विसंबून राहू नये. ते कंपनीचे कुलूप आहे, त्याची खोड चोराला ठाऊक असते. झिजलेल्या जुन्या कुलपात तर दुसऱ्याच गाडीची चावी चालते. आपली चावी कुठल्याही कोनात फिरत असेल किंवा चालू गाडीतून निघत असेल, तर कुलपाचा संच बदलण्याची वेळ आली असे समजावे. हँडल लॉकच्या जोडीला आपले स्वतःचे दुसरे कुलूप हवेच. पुढच्या चाकाला डिस्क ब्रेक असेल तर डिस्कच्या भोकात बसणारे छोटे कुलूप मिळते. ते लावल्यावर हँडलला लाल फीत बांधून ठेवावी. नाहीतर घाईत आपणच गाडी पुढे काढतो आणि तोंडावर आपटतो. डिस्क नसलेल्या साध्या गाडीला जाड साखळी घ्यावी. ती मागच्या चाकातून आणि गाडीच्या सांगाड्यातून ओवावी. जवळ खांब किंवा लोखंडी कठडा असेल तर त्याला गुंतवावी. नुसते चाक बांधले तर दोघे जण गाडी उचलून टेम्पोत घालतात. साखळी जमिनीवर लोळत ठेवू नये, जमिनीवर टेकलेले कुलूप हातोड्याने फुटते.

जुन्या कार्बुरेटरच्या गाडीचा पेट्रोल कॉक बंद करून जाण्याची सवय चांगली. चोरलेली गाडी थोड्या अंतरावर बंद पडते. १ एप्रिल २०२० पासून बी. एस. ६ च्या गाड्या आल्या, त्यांपैकी बहुतेकांना असा कॉक नसतो. अशा गाड्यांना आतून एक गुप्त बटण बसवून घेता येते, ते बंद असेल तर गाडी सुरूच होत नाही. मात्र हे काम माहितगार मेकॅनिककडूनच करून घ्यावे. वायरी कशाही जोडल्या तर शॉर्ट सर्किट होते आणि कंपनीची वॉरंटीही धोक्यात येते. गाडी कुठे आहे ते मोबाइलवर दाखविणारे यंत्रही मिळते. ज्याचे पोट गाडीवर आहे त्याने त्याचा विचार करावा, पण त्यातील सिमकार्डचे पैसे वेळेवर भरले तरच त्याचा उपयोग.

आणि सर्वात साधी गोष्ट. "एक मिनिटात आलो" म्हणून चावी गाडीला ठेवून जाऊ नये. पानाच्या टपरीवर, एटीएमसमोर, स्वतःच्या घराच्या दारातसुद्धा नाही. त्या एका मिनिटात गाडी तर जातेच, शिवाय मालकाचा निष्काळजीपणा म्हणून विम्याचा दावाही अडकतो.

विम्याचा कागद आज काढा

आता मुख्य मुद्दा. वाचकांनी हा भाग वाचून झाल्यावर घरातली पिशवी काढून कागद तपासावा, ही विनंती.

मोटार वाहन कायद्याने जो विमा सक्तीचा आहे तो "थर्ड पार्टी", म्हणजे आपल्या गाडीमुळे दुसऱ्याला इजा किंवा नुकसान झाले तर भरपाई देणारा. तो नसेल तर पोलीस दंड करतात. पण त्या विम्यातून चोरीचा एक पैसाही मिळत नाही. चोरीची भरपाई "ओन डॅमेज" या भागातून मिळते, आणि हा भाग सक्तीचा नाही.

घोटाळा इथेच होतो. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानुसार १ सप्टेंबर २०१८ पासून नवी दुचाकी घेताना थर्ड पार्टी विमा एकदम पाच वर्षांचा घ्यावा लागतो. त्याच्या जोडीला शोरूममध्ये बहुधा ओन डॅमेज एकच वर्षाचा दिलेला असतो. कागद एकच, त्यावर तारखा दोन. गिऱ्हाईक पाच वर्षांची तारीख पाहतो आणि निर्धास्त होतो. दुसऱ्या वर्षापासून गाडी चोरीच्या बाबतीत उघडी पडली आहे, हे त्याला कोणी ठासून सांगत नाही. म्हणून आपल्या कागदावर "ओन डॅमेज" या शब्दांसमोर कोणती तारीख आहे ते पाहा. ती उलटून गेली असेल तर तेवढाच भाग वेगळा घेता येतो. ही सोय सप्टेंबर २०१९ पासून आहे. साध्या मोटारसायकलला त्याचा वर्षाचा खर्च हजार रुपयांच्या मागेपुढे येतो. दोन-तीन कंपन्यांचे दर विचारून घ्यावेत.

भरपाई किती मिळते? पॉलिसीवर गाडीची ठरलेली किंमत लिहिलेली असते, तिला आयडीव्ही म्हणतात. नव्या गाडीच्या किमतीतून वयाप्रमाणे घट धरतात. सहा महिन्यांपर्यंत ५ टक्के, वर्षापर्यंत १५, दोन वर्षांपर्यंत २०, तीनपर्यंत ३०, चारपर्यंत ४० आणि पाच वर्षांपर्यंत ५० टक्के. म्हणजे ८० हजारांची गाडी दुसऱ्या वर्षी ६४ हजारांची धरली जाते. हप्ता वाचावा म्हणून एजंट कधी कधी ही रक्कम कमी लिहून देतात, तसे करू देऊ नये.

आमच्या तरुणाचा हिशोब याच आकड्यांनी करून पाहा. वर्षाला हजारभर रुपये भरले असते तर सुमारे ६४ हजार मंजूर झाले असते. त्यातून बँकेचे उरलेले मुद्दल आधी फिटले असते आणि तरीही पंचवीस-तीस हजार रुपये त्याच्या हाती राहिले असते. दुसऱ्या गाडीची सुरुवातीची रक्कम तेवढ्यात भागली असती. हजार रुपये वाचवायला म्हणून नव्हे, तर कागद वाचला नाही म्हणून हे झाले.

आणखी एक दोष आपल्याकडे सर्रास दिसतो. ओळखीच्याकडून जुनी गाडी घ्यायची आणि वर्षानुवर्षे ती मूळ मालकाच्याच नावावर चालवायची. गाडी चोरीला गेली की विमा कंपनी विचारते, तुम्ही कोण? मूळ मालक गावी गेलेला असतो किंवा सही द्यायला तयार नसतो. गाडी घेतल्यावर लगेच आरटीओत नाव बदलून घ्यावे आणि चौदा दिवसांच्या आत विमाही आपल्या नावावर करण्यास कंपनीला कळवावे.

घरची पिशवी

हे काम घरातील भगिनींनी हाती घ्यावे असे मला वाटते, कारण कागद आणि किल्ल्या जपण्याची शिस्त त्यांच्याकडे अधिक आहे. गाडीची दुसरी चावी घरात एका ठरलेल्या जागी ठेवावी. चोरीच्या दाव्यात कंपनी दोन्ही चाव्या मागते. मूळ आरसी, विमा आणि खरेदीची पावती डिक्कीत ठेवू नये. डिक्कीतले कागद म्हणजे चोराला आयतीच मालकी. रस्त्यावर दाखवायला मोबाइलमधील डिजिलॉकर किंवा एमपरिवहनमधले कागद चालतात, तशी नियमात तरतूद २०१८ सालीच झाली आहे. गाडीचा नंबर, इंजिन नंबर, चासी नंबर आणि पॉलिसी नंबर वहीत लिहून ठेवावेत. गाडीचा एक फोटो असावा, ज्यात एखादा ओरखडा किंवा बदललेला आरसा अशी खूण दिसेल.

नंबरप्लेटही पाहावी. १ एप्रिल २०१९ पासून विकल्या जाणाऱ्या नव्या गाड्यांना उच्च सुरक्षा नंबरप्लेट बंधनकारक आहे. तिच्यावर लेसरने कोरलेला क्रमांक असतो आणि ती एकदाच बसणाऱ्या कुलपाने लावलेली असते, त्यामुळे काढून दुसऱ्या गाडीला सहज लावता येत नाही. महाराष्ट्रात जुन्या गाड्यांनाही ती लावण्याचा आदेश निघाला आहे. ज्यांनी लावली नसेल त्यांनी लावून घ्यावी.

गाडी गेलीच तर

पहिल्या अर्ध्या तासात जवळच्या वाहतूक चौकीत विचारावे की गाडी उचलून नेली आहे काय. नसेल तर ११२ ला फोन करावा आणि त्याच दिवशी पोलीस ठाणे गाठावे. शोधाशोध मित्रांनी करावी, मालकाने ठाण्यात जावे.

मोटारसायकलची चोरी हा दखलपात्र गुन्हा आहे. १ जुलै २०२४ पासून जुने भारतीय दंड विधान जाऊन भारतीय न्याय संहिता आली. तिच्यात चोरीचे कलम ३०३ आहे, पूर्वीचे ३७९. साध्या अर्जावर शिक्का मारून "शोधून पाहा, मग या" असे कोणी म्हटले तर नम्रपणे पण ठामपणे एफआयआरच मागावा. दखलपात्र गुन्ह्याची खबर मिळाल्यावर एफआयआर नोंदविणे पोलिसांवर बंधनकारक आहे, असे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २०१३ साली सांगितले आहे. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे गुन्हा कोणत्या हद्दीत घडला हे न पाहता कोणत्याही ठाण्यात खबर देता येते, आणि फिर्यादीची प्रत फुकट मिळते. तरीही नकार मिळाला तर पोलीस अधीक्षक किंवा आयुक्तांकडे लेखी तक्रार टपालाने पाठवावी, आणि त्यानेही न भागल्यास न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करावा.

उशीर का नको, याचे आणखी एक कारण आहे. चोरीची गाडी साखळी खेचण्यासारख्या दुसऱ्या गुन्ह्यांत वापरली जाते. तसे झाले तर पोलीस सर्वात आधी नंबरावरून मालकाच्या दारात येतात. त्या वेळी आपल्या हातात तारखेचा एफआयआर असला पाहिजे.

विमा कंपनीलाही त्याच दिवशी फोनवर कळवून लेखी पाठवावे. आरटीओला आणि कर्ज असेल तर बँकेलाही. दुःखात कोणाला कंपनीला कळवायला उशीर झालाच तर निराश होऊ नये. एका शेतकऱ्याचा ट्रॅक्टर चोरीला गेला, एफआयआर त्याच दिवशी झाला, पण कंपनीला ५२ दिवसांनी कळविले म्हणून दावा फेटाळला. जानेवारी २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की पोलिसांकडे तातडीने तक्रार झाली असेल आणि चोरी खरी असेल, तर केवळ कंपनीला उशिरा कळविले म्हणून दावा नाकारता येणार नाही. तीन न्यायमूर्तींच्या त्या पीठाचा निकाल न्या. भूषण गवई यांनी लिहिला. पुढे २०२५ साली ते देशाचे सरन्यायाधीश झाले. सगळा भर पोलिसांकडे ताबडतोब जाण्यावर आहे, हे ध्यानात ठेवावे.

गाडी सापडली नाही तर पोलीस न्यायालयात "अ समरी" अहवाल देतात. याचा अर्थ गुन्हा खरा, पण तपास लागला नाही. हा कागद दाव्याला लागतो आणि त्याला महिने लागतात. म्हणून चकरा मारताना तारखा वहीत लिहाव्यात. कंपनीने अन्याय केला तर आधी तिच्याकडे लेखी तक्रार करावी. महिन्याभरात उत्तर आले नाही किंवा पटले नाही तर मुंबई-पुण्यात विमा लोकपालाचे कार्यालय आहे, तिथे फी लागत नाही, वकील लागत नाही. आणि गाडी सापडली तर ती ठाण्याच्या आवारात गंजत ठेवण्याची गरज नाही. न्यायालयात अर्ज करून सुपुर्दनाम्यावर ती सोडवता येते. वाहने ठाण्यात दीर्घकाळ पडू देऊ नयेत, असे सर्वोच्च न्यायालयाने २००२ सालीच बजावले आहे.

आपण सर्वांनी

दोन गोष्टी वस्तीने मिळून करण्याजोग्या आहेत. लग्न असो की १४ एप्रिलची मिरवणूक, आपल्या कार्यक्रमात शेकडो गाड्या लागतात आणि सर्वांचे लक्ष मंडपात असते. मंडळाने चार कार्यकर्ते पार्किंगला द्यावेत. नंबर लिहिलेल्या चिठ्ठ्या मधोमध फाडून अर्धी गाडीला आणि अर्धी मालकाला द्यावी. चिठ्ठी जुळल्याशिवाय गाडी हलवू देऊ नये. शंभर रुपयांच्या कागदात हे काम होते. रात्री गल्लीतल्या गाड्या एका ओळीत लावून एकाच लांब साखळीत ओवल्या, आणि तोंडाशी एक दिवा लावला, तरी मोठा फरक पडतो.

दुसरी गोष्ट आपल्या मुलांची. कागद नसलेली गाडी कोणी निम्म्या किमतीत देत असेल तर घेऊ नये. चोरीचा माल जाणूनबुजून घेणे हा कलम ३१७ खालचा गुन्हा आहे. कोवळ्या वयातली मुले हौसेपायी, "एक चक्कर मारून आणतो" म्हणून दुसऱ्याची गाडी काढतात. एकदा का नाव दप्तरी लागले की पोलीस भरती, रेल्वे भरती यांची चारित्र्य पडताळणी आडवी येते. आईबापांनी हे घरात बसून सांगावे. दारात अनोळखी गाडी दिसली तर ती कोणाची, हे विचारायला लाजू नये.

आमच्या त्या तरुणाने गेल्या महिन्यात शेवटचा हप्ता भरला आणि बँकेचा ना हरकत दाखला मला दाखवायला आणला. "काका, कर्ज फिटलं," म्हणाला आणि हसला. त्याने आता एक जुनी गाडी घेतली आहे. आठ दिवसांत ती नावावर केली. ओन डॅमेजची तारीख त्याच्या पत्नीने स्वयंपाकघराच्या भिंतीवर पेन्सिलीने लिहून ठेवली आहे. साखळी घेऊन तो निघतो तेव्हा त्याचा दीड वर्षाचा मुलगा दुसरे टोक धरून ओढतो.

वाचकहो, आपल्या घरातला विम्याचा कागद आज रात्रीच काढा. शेजारच्या ज्या माउलीला वाचता येत नाही तिचाही कागद वाचून द्या. दोन मिनिटांचे काम आहे, पण त्यावर एका घराची चौदा महिन्यांची भाकरी अवलंबून असते.